हनीफ डोंगर सांगायचा

रविवारी चारच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली की आमचे बाबा बिछान्यावर उठून बसायचे. धोतर सारखं करायचे, उशाची टोपी चाचपडून डोक्यावर ठेवायचे आणि भिंतीला हात लावत लावत ओटीवर येऊन बसायचे. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, उजेड-अंधार तेवढा कळायचा. मी त्यांचा सख्खा मुलगा, एकुलता एक, दिवसभर त्यांच्या आसपास वावरायचो. पण माझ्यासाठी टोपी सोडाच, मानही वळायची नाही. "पानी आलं का?" आणि "लाइट गेली का?" एवढंच काय ते आमचं बोलणं. टोपी फक्त हनीफसाठी.

सरळच सांगतो, मी हनीफवर जळायचो. हेवा वगैरे सभ्य शब्द पुस्तकात ठीक आहेत. माझ्या पोटात दुखायचं, अंगाचा तिळपापड व्हायचा. आज तो इथे म्हसळ्यात नाही, बाबा तर जगातच नाहीत, तरी हे लिहिताना दुखणं पुन्हा उठलंय.

हनीफ आणि मी एका वर्गातले. गणितात दोघंही ढ, त्यामुळे दोस्ती पक्की. पुढे मी न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कारकुनी करायला गेलो आणि तो गेला मस्कतला, एसी आणि फ्रीज दुरुस्त करायला. वीस-बावीस वर्षं दोघंही बाहेर. मी पाठीचा मणका बिघडवून परत आलो, झेरॉक्सचं दुकान टाकलं. तो साखर घेऊन परत आला, घरापुढेच फ्रीज दुरुस्तीचं दुकान टाकलं. डॉक्टरने चालायला सांगितलं तर या पठ्ठ्याने जुन्या बाजारातून एक काळी सायकल आणली, तिला नवे टायर चढवले आणि दर रविवारी डोंगराकडे निघाला. बिरादरीतले लोक हसले. मस्कतहून आलेला माणूस गाडी घेतो, बंगला बांधतो, आणि हा सायकल हाणतोय! हनीफचं उत्तर ठरलेलं. "घाई कुणाला हाय?"

हे त्याचं सगळ्याला उत्तर होतं. फ्रीज आज मिळेल का? घाई कुणाला हाय. मुलीचं लग्न कधी करतोस? घाई कुणाला हाय. उंच, काटकुळा माणूस. दाढी मेंदीने लाल. फुल शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली आणि पँटीचा उजवा पाय चेनमध्ये जाऊ नये म्हणून त्याला कपडे वाळत घालायचा निळा चिमटा. पिशवीत खजूर, दोन उकडलेली अंडी आणि कागदाच्या पुडीत मीठ. बंद पडलेल्या फ्रीजला तो आधी कान लावायचा, मग पेचकस काढायचा. डोंगरातही तेच. वळणावळणावर थांबायचा, डोळे मिटायचा. "काय करतोस रे?" विचारलं तर म्हणायचा, "आवाज घेतो."

आमचं मूळ गाव त्याच डोंगराच्या पायथ्याला, म्हसळ्यापासून सायकलने सव्वा तास. डोंगरावर आमची वरकस जमीन. वरकस म्हणजे भात पिकत नाही अशी, गवताची, आंब्या-काजूची. बाबांचं सगळं आयुष्य तिथे गेलं. दिसेनासं झालं तेव्हा मी त्यांना म्हसळ्याला माझ्याकडे आणलं. नंतर सातबाराही त्यांनी स्वतःहून माझ्या नावावर केला. "तुझंच हाय," एवढंच म्हणाले आणि तलाठ्यासमोर अंगठा पुढे केला.

हनीफ पहिल्यांदा आमच्याकडे आला तो आमचा फ्रीज बघायला. बाबांनी कोण म्हणून विचारलं. तो म्हणाला, "मी हनीफ, बाबा. आज तुमच्या गावाकडचा डोंगर बघून आलो." झालं! फ्रीज राहिला बाजूला. दोघं ओटीवर बसले ते दिवे लागेपर्यंत. तेव्हापासून दर रविवारी हा रतीब सुरू झाला.

रतीब कसा, तेही सांगतो. हनीफ बसायचा, पाणी प्यायचा आणि काही न बोलता खिशातून काहीतरी काढून बाबांच्या तळहातावर ठेवायचा. एखादी साल, पान, नाहीतर नुसती चिमूटभर माती. बाबा ते चोळायचे, हुंगायचे, कधी जिभेला लावायचे.

"ऐन हाय. ऐनाची साल. पर ही खालच्या अंगाची न्हाय, वर वारं लागतं तिथली."

"बरोबर बाबा. खिंडीच्या वरची."

"आनि झऱ्याला पानी हाय का?"

"हाय. करंगळीएवढं. ओंजळ भरायला वेळ लागतो."

"मार्गशीर्षातच करंगळी? मंग औंदा चैतात आटनार बघ."

आणि बाबा हसायचे. खळखळून, मांडीवर थाप मारून! मी आत स्वयंपाकघराच्या दाराआड चहाचे कप हातात धरून उभा. चहा निवून जायचा. मी ऐकत राहायचो. माझ्या जन्मदात्याचं हसू मी चोरासारखं दाराआडून ऐकायचो आणि हनीफला मनातल्या मनात शिव्या घालायचो. हा कोण टिकोजीराव? याने कधी तिथलं गवत कापलं? याची आजी कधी तिथे लाकडाला गेली? माझा डोंगर, माझा बाप, आणि हा सायकलवरून येऊन दोन्ही घेऊन बसला.

एकदा चिडून म्हटलं, "एवढा जातोस, तर मोबाइलवर फोटो का काढत नाहीस?"

"कुणाला दाखवू? बाबांना दिसत न्हाय, आणि तुला बघायचा न्हाय."

गंमत म्हणून बोलला. मला मात्र ते लागलं, कारण तोवर मी एक गोष्ट करून बसलो होतो. ती वरकस मी विकली होती. मुंबईच्या एका पार्टीला फार्महाउससाठी जागा हवी होती. माझ्या घराचं काम अर्धवट पडलेलं. दिवाळीत सह्या झाल्या. बाबांना सांगायचं होतं, देवाशपथ सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता होळी आली आणि तोवर कंपाउंड पडलं, जेसीबी चढला. मग सांगायला तोंडच राहिलं नाही. बाबांना दिसत नव्हतं, ते डोंगर चढणार नव्हते. त्यांना कळलं असतं तर एकाच माणसाकडून, आणि तो दर रविवारी चारला माझ्याच ओटीवर बसत होता.

आता सांगेल, मग सांगेल म्हणून मी दाराआड जीव मुठीत धरून ऐकायचो. पण हनीफचा डोंगर जसाच्या तसा. झऱ्याला पाणी होतं, करवंदीला फूल होतं, आंब्यावर घारीचं घरटं होतं. मला कळेना. हा जातो तरी कुठे?

मे महिन्यात तर त्याने कमालच केली. आमच्याकडे रायवळ आंब्याला नावं असतात, जशी गाईम्हशींना. आमच्या वरकशीत एक झाड होतं, खोबऱ्या. त्याचा गर पांढरट, खोबऱ्यासारखा गोड. आधीच्या वर्षी हनीफने पिशवीभर खोबरे आणले होते, बाबांनी साली-कोयींसकट चोखले होते. जमीन विकल्यावर खोबऱ्या पडला. मी त्या पार्टीच्या माणसाकडून फोनवर ऐकलं होतं, रस्त्यात येत होता म्हणे. आणि त्या मेमध्ये हनीफ पुन्हा पिशवी घेऊन हजर! "बाबा, डोंगरचे आंबे."

बाबांनी एक आंबा घेतला, देठ काढला, चीक पिळला, चोखला. खूप वेळ चोखत होते. मग म्हणाले, "व्हय. आपलाच हाय." आणि मला हाक मारली. "सुदाकर, हनिपला चा आन."

मी चहा करायला आत गेलो. सुटलो म्हणून हायसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी पुन्हा जळफळाट. खोटा आंबा देऊनही बाबा याच्यावर खूश! मी खरी हापूसची पेटी आणली होती, ती कॉटखाली तशीच पडून होती.

त्या वर्षी थंडीत मी ठरवलं, एकदा याच्यासोबत जायचंच. भाच्याची सायकल मागून आणली. बायको म्हणाली, "मणक्याचं काय?" मी म्हटलं, "मणका गेला खड्ड्यात." पहाटे हनीफच्या दारात उभा राहिलो. त्याने मला आपादमस्तक बघितलं, दुकानात गेला आणि आणखी एक चिमटा आणून माझ्या पँटीला लावला. का आलास, असं काही विचारलं नाही.

पहिले चार किलोमीटर मी त्याच्या पुढे होतो. दाखवायचं होतं ना! चढ लागला आणि माझी जीभ बाहेर आली. हनीफ एका लयीत मागून येत होता, ना वेग वाढवत होता, ना कमी करत होता. मी उतरून सायकल ढकलायला लागलो तर तोही उतरला. त्याला गरज नव्हती, हे मला दिसत होतं. त्या चांगुलपणाचाच मला राग आला.

"तू चल पुढे," मी खेकसलो.

"घाई कुणाला हाय?"

खिंडीतल्या चहाच्या टपरीवर सायकली ठेवल्या. तिथून पायवाट. ही वाट मी लहानपणी बाबांच्या मागे कितीदा चढलो होतो, पण आता फाटा कुठला ते मला आठवेना. हनीफ मागे राहून नुसतं "डावा," "उजवा" म्हणायचा. मला पुढे ठेवायचा आणि चुकू द्यायचा नाही. वर धनगरांच्या चार घरांपाशी एक म्हातारी शेण थापत होती. हनीफला बघून तिचा चेहरा उजळला.

"आलास? ह्यो कोन सायेब आनलास?"

"राघोबाबांचा सुधाकर."

म्हातारीने डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळलं. "राघोदादाचा? मंग इतकी वर्सं कुठं व्हता?"

हनीफनेच विषय बदलला, तिच्या नातवाचा खोकला विचारला. ताक मिळालं. तेही आधी त्याला, मग मला.

पुढे अर्ध्या तासावर आमची वरकस. आमची होती ती. तारेचं कंपाउंड, लोखंडी गेट, आत लाल मातीचा सपाट केलेला तुकडा आणि पांढरं घर. मी गेटाला हात लावला तर वॉचमन धावत आला. "ओ साब, अंदर जाना मना है. प्रायव्हेट है." मग त्याला मागचा माणूस दिसला. "अरे हनीफभाई! चाय पियोगे?" त्यांच्या फ्रीजला हनीफनेच कान लावला होता म्हणे.

माझ्या बापजाद्यांच्या जागेच्या दारात मला मनाई आणि त्याला चहा! हनीफने नको म्हणून हात हलवला आणि कुंपणाच्या कडेकडेने निघाला. मी मागून. खोबऱ्याचं खोड जमिनीबरोबर कापलेलं होतं, त्यावर कुणीतरी पाण्याचा ड्रम ठेवला होता. झरा पाइपात गेलेला. मी तिथेच खाली बसलो.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच रविवारी. जेसीबी उभा होता."

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"मी सांगू? जमीन तुझी, बाप तुझा." त्याने अंडं सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं. "मी खोटं बोलत न्हाय हां, सुधा. ते विचारतात, झऱ्याला पाणी हाय का. मी पलीकडच्या डोंगरावर जातो, तिथल्या झऱ्याला हात लावून येतो आणि सांगतो, हाय. कुठल्या झऱ्याला ते त्यांनी विचारलं न्हाय."

म्हणजे हा माणूस आमच्या जमिनीपर्यंत येऊन, वळसा घालून, आणखी एक डोंगर चढून जायचा. दर रविवारी. साखरेच्या आजारात. माझं पाप झाकायला. माणसाने अशा वेळी पाया पडावं. माझ्या मनात काय आलं सांगू? की याला बाबांसाठी दोन डोंगर चढता येतात आणि मला एकही येत नाही.

चारला आम्ही गल्लीत शिरलो. बाबा टोपी घालून ओटीवर बसलेले. त्यांनी कान टवकारले.

"दोन सायकली वाजल्या. कोन हाय संगती?"

"मी, बाबा."

बाबांनी हात पुढे करून माझं मनगट धरलं, मला शेजारी बसवलं. किती वर्षांनी! "तू गेलतास? वर गेलतास?"

"व्हय."

"मंग सांग. काय बघितलंस?"

हाच प्रश्न त्यांनी मला विचारावा म्हणून मी तीन वर्षं दाराआड झुरत होतो. आता त्यांनी माझा हात हातात धरून विचारला होता. हनीफ पायरीवर खाली मान घालून बसला होता. आणि मी म्हणालो, "सगळं हाय तसंच हाय, बाबा. खोबऱ्याला मोहोर धरलाय."

बाबांनी माझं मनगट सोडलं. "बरं," म्हणाले. मग पायरीच्या दिशेने तोंड वळवलं. "हनिप, तू सांग."

पुढच्या श्रावणात बाबा गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. हनीफ स्मशानात लांब उभा होता, खांदा द्यायला मात्र माझ्याआधी पुढे झाला होता. तेही माझ्या लक्षात राहिलं.

तेरावं झाल्यावर जो रविवार आला, त्या दिवशी चारला पुन्हा घंटी वाजली. हनीफ ओटीवर येऊन बसला. मी समोर बसलो.

"सुधा, एक सांगायचा होता," तो म्हणाला. "बाबांना ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"सगळं. आंबे आणले ना मी, तेव्हाच. तू चहा करायला आत गेलास आणि ते मला हळूच म्हणाले, 'हनिप, खोबऱ्याची साल पातळ असते. ही जाड हाय. खोबऱ्या पडला का?' मी काय बोलणार? त्यांनी विचारलं, मी सांगितलं. जमिनीचंही सांगितलं."

"काय म्हणाले?"

"रागावले न्हाय. म्हणाले, 'त्याला बोलू नको. आपला आपन येऊन सांगंल.' मग दर रविवारी मी बसलो की म्हणायचे, 'मोठ्यान सांग, तो आत हाय. ऐकून ऐकून येईल भायेर.'"

माझी नजर आत, स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली.

"त्या दिवशी आपण दोघं आलो ना," हनीफ म्हणाला, "त्यांना वाटलं, आज सांगतोय."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. डोक्यात सणक गेली. हे दोघं! रविवारमागून रविवार इथे शेजारी शेजारी बसून माझी वाट बघत होते. माझ्या बापाने माझी वाट बघितली, तीही याच्या सोबतीने! याला सांगितलं, याच्याकडे मन मोकळं केलं, आणि मला विचारलं ते लाइटचं आणि पाण्याचं.

"तुला सांगितलं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तुला सांगितलं त्यांनी. मला नाही. तू कोण रे त्यांचा? कोण तू?"

"सुधा..."

"ऊठ माझ्या ओटीवरून. पुन्हा येऊ नको."

आतून बायको धावत आली. "अहो, काय बोलताय!" म्हणाली. हनीफने तिला हातानेच राहू दे म्हटलं. तो उठला, चपला घातल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवायला आला होता, मग ठेवला नाही. सायकल वळवली आणि निघाला. पुढच्याच महिन्यात तो लग्न होऊन मस्कतला गेलेल्या मुलीकडे राहायला गेला, हे मला दुकानात झेरॉक्सला आलेल्या गिऱ्हाइकाकडून कळलं. अजून आलेला नाही.

त्या दिवशी तो गल्लीच्या टोकाशी पोचला तेव्हा समोरून रिक्षा आली. वाट द्यायला तो थांबला, एक पाय गटाराच्या कठड्यावर टेकवून. रिक्षा गेली. रस्ता मोकळा झाला. तरी तो तसाच उभा होता, पाठमोरा. मागे वळून बघत नव्हता आणि पुढेही जात नव्हता. पंचवीस-तीस पावलांचं अंतर. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. तोंडात नावही आलं होतं. मी मारली नाही. मग त्याने पाय उचलला आणि गेला.